लाडवातली वेढणी

पहिलं नाव सुमनमावशीचं. सुमन रंगनाथ जाधव, माहेर सिन्नरकडचं, राहणार सिडको, नाशिक. अनारसे, लाडू, चकल्या घरी करून विकायची. हल्ली कळवणला भाचीकडे असते. माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं काहीतरी दिवाळी अंकात छापून येतंय, तर त्यात सगळ्यात आधी तिचं नाव यावं, मग बाकीचं. तिने माझ्यासाठी काय केलं ते पुढे येईल. आधी माझं काम सांगतो, नाहीतर तिने काय केलं ते कळायचं नाही.

मी परदेशी कुरियरच्या काउंटरवर बसायचो. कॉलेज रोडच्या बाजूला एक गाळा, आत वजनकाटा, चिकटपट्टीची रिळं, मागे जगाचा मोठा नकाशा. कंपनीचं नाव घेत नाही, मालकाचंही नाही. लोक खोकं घेऊन यायचे. मी ते उघडायचो, एकेक वस्तू बाहेर काढून बघायचो, परत भरायचो, पट्टी मारायचो आणि कागदावर 'समक्ष तपासले' म्हणून सही करायचो. संध्याकाळी गाडी मुंबईला जायची, तिथून विमान. लोकांना वाटायचं हा दिवसभर पाठवतो. खरं तर माझा निम्मा दिवस 'हे जाणार नाही' एवढं सांगण्यात आणि त्याबद्दल बोलणी खाण्यात जायचा.

काय जात नाही? काही वस्तू विमानालाच चालत नाहीत. अत्तर, नेलपॉलिश, आणि सुकं खोबरं. खोबऱ्याचं ऐकून सगळे हसतात, पण त्यात तेल असतं, कोंडून राहिलं की ते आपसूक तापतं, म्हणून धोक्याच्या मालात धरतात. काही वस्तू तिकडच्या देशाला चालत नाहीत. पिंपळगावचा एक बागायतदार द्राक्षाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता, त्याला बेदाणे पाठवा म्हणालो तर तो म्हणाला, "बेदाणा लावून वेल येतो का रे?" काही वस्तू आपल्याच सरकारला चालत नाहीत. बाळकृष्णाच्या मुकुटातलं मोरपीस मी कात्रीने काढलंय, देवाची माफी मागून. आणि सोनं, नोटा, दागिने कंपनी घेत नाही, कारण वाटेत गेलं तर जबाबदारी कोणाची.

हे सगळं लिहायला सोपं. काउंटरवर समोर आई उभी असते. एकदा एक बाई ओटीचं सामान घेऊन आल्या, लेकीला लंडनला पाठवायला. मी खोबऱ्याची वाटी बाजूला काढली.

"काकू, हे जात नाही विमानातून."

"अहो, ओटी आहे ती. सातवा लागलाय लेकीला."

"समजून राहिलो मी, पण..."

"समजून राहिलो!" त्या बरोबरच्या बाईकडे वळल्या. "ऐकलंस? यांच्या नागपूरला भरत असतील बिनखोबऱ्याची ओटी. आमच्याकडे नाही भरत."

माझं गाव गोंदियाच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला. नागपूर मी फक्त गाडी बदलताना पाहिलेलं. पण नाशिकला सगळा विदर्भ म्हणजे नागपूर, आणि मी म्हणजे 'तो नागपूरवाला'. त्या बाईंनी शेवटी वाटी उचलली, पुडीतल्या तांदळांना टेकवली आणि पिशवीत टाकली. "लावून घेतलं. आता जाऊ दे." मी पट्टी मारली. माझ्या हातून गेलेल्या खोक्यांमध्ये ते एक मला अजून आठवतं.

पंचवटीतले एक गुरुजी यायचे. त्यांच्या यजमानाचे वडील इंग्लंडात वारले होते. अस्थींचा कलश कुरियरने येईल का, रामकुंडावर मी सगळं यथासांग करतो, असं विचारत होते. मी मुंबईला विचारलं, उत्तर आलं, चालत नाही. गुरुजींनी माझ्याच समोर यजमानाला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिकडून तो माणूस म्हणाला, "मग आता बाबांना कसं आणू?" मी म्हणालो, "साहेब, नियम आहे." दुसरं काय म्हणणार. फोन ठेवल्यावर गुरुजी म्हणाले, "तुझी चूक नाही."

मागच्या नकाशावर माझं गाव नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. जर्मनीला, कॅनडाला मी रोज पाठवायचो. माझ्या गावाला आमच्या कंपनीची गाडी जात नव्हती. आईला पहिलं लुगडं घेतलं ते गावचा माणूस भेटेपर्यंत खोलीत पडून होतं.

सुमनमावशी पहिल्यांदा आली तीही भांडायलाच. सिडकोतल्या कोणाचा तरी मुलगा दुबईला होता, त्याचे अनारसे घेऊन ती स्वतःच काउंटरवर आली. मी डबा उघडला आणि घाबरलो. अनारसा खसखशीवर थापतात. आखाती देशांत खसखस चालत नाही, अफूच्या बोंडातली म्हणून, तिच्यापायी माणसं तुरुंगात बसलीयत.

"मावशी, हे पाठवता येत नाही."

"का? शिळं हाय का?"

"खसखस आहे. तिकडे पकडतात."

"खसखशीपायी? आरं, जल्म गेला आमचा खसखस खान्यात. कोन पडलं झिंगून?"

मी तिला जमेल तसं समजावलं. हसेल असं वाटलं होतं, पण तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या पोराला माझ्या अनारशापायी धरतील?" डबा परत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी नवा डबा. अनारसे तिळावर थापलेले.

"बघ, चालतंय का तुझ्या दुबईला."

तेव्हापासून ती ऑर्डर घेतानाच विचारायची, कोणत्या देशाला? आणि मला येऊन विचारायची, तिकडं काय नाय चालत? गिऱ्हाइकं खोक्यावर 'घरी केलेले' लिहायची आणि मुलांना फोनवर सांगायची, मी केलेत हो. मावशीला त्याचं काही नव्हतं. माझ्यासाठी मोडक्या चकल्यांची पुडी आणायची. "पोरा, तू लय घाबरतो," म्हणायची. "सही करताना हात बघ कसा कापतो." नाशिकमध्ये मला पोरा म्हणणारं तेवढंच एक माणूस होतं.

खरंच घाबरायचो मी. काउंटरवरची मुलगी लग्न होऊन गेली म्हणून मला हमालीवरून उचलून तिथे बसवलं होतं. कोणी इंग्रजीत पत्ता सांगायला लागलं की घाम यायचा. हे काम गेलं तर पुन्हा अंबडच्या कारखान्यांकडे कुठल्यातरी ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं, नाहीतर गावी परत, हे डोक्यात कायम असायचं.

आता ते वर्ष. दोन हजार एक. अमेरिकेतले ते दोन मनोरे पडले आणि लगेच आपल्याकडे अधिक महिना लागला. तिकडे जाणारं प्रत्येक खोकं मुंबईला यंत्राखालून दोनदोनदा जायला लागलं. आणि इकडे जावयांना अनारशांचं वाण पाठवायची घाई. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतात, हे मला माहीत होतं. गुप्तदान मात्र माहीत नव्हतं. लाडवात सोनं किंवा नाणं लपवून द्यायचं, दिलं ते कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की त्याचं पुण्य जातं. आमच्या गावात लाडवात लपवण्याइतकं सोनं कोणाकडे नव्हतं, म्हणून तो रिवाज माझ्या कानावर आला नसावा.

गंगापूर रोडला बंगला असलेल्या एक काकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. काका बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगी-जावई अमेरिकेत. काकू अनारशांचा डबा आणि बेसनाचे लाडू घेऊन आल्या. सगळं सुमनमावशीकडचं, मी हात बघूनच ओळखलं. मी अनारसे एकेक करून बघितले. लाडू कागदात गुंडाळलेले होते, तेही उघडून बघितले.

"हळू रे," काकू म्हणाल्या, "लाडू आहेत ते, चेंडू नाहीत."

लाडू फोडून कोण बघतो? मी परत गुंडाळले, पट्टी मारली, सही केली.

दोन दिवसांनी मुंबईहून फोन आला. तिथल्या माणसाने मालकाला सांगितलं की यंत्रात एका लाडवात काळा ठिपका दिसला, फोडला तर सोन्याची वेढणी, बिनखड्याची साधी अंगठी, निघाली. पाठवणाऱ्याने लेखी खुलासा द्यावा, तोपर्यंत नाशिकचं बुकिंग बंद. मालकाने काकांना फोन केला. काका घरात विचारून आले आणि म्हणाले, "आमच्या घरातून फक्त खायचे पदार्थ दिलेत. मिसेसना विचारलं मी. सोनं कुठून आलं ते तुमच्या माणसाला विचारा. खोकं त्याने भरलंय."

मालकाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सहा-सात वर्षं मी त्याचं शटर उघडत होतो.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय, साहेब?"

"दुसऱ्यांच्या पार्सलमधून माल पाठवायचा धंदा. कोण घेतं तिकडे?"

"साहेब, मी नाही केलं."

"सही तुझी आहे. पॅकिंग तुझं आहे. तुझी हमी द्यायला इथे कोण आहे तुझं?"

कोणी नव्हतंच. मग तो म्हणाला, "गावचा फोन दे."

आमच्या गावात फोन एकच, किराणा दुकानात. फोन आला की दुकानदार ओट्यावर उभा राहून हाका मारायचा, आणि ज्याचा फोन त्याच्याआधी सगळी गल्ली जमायची. आई ओल्या हातांनी धावत येणार, रिसीव्हर कानाला लावणार, आणि नाशिकहून कोणी साहेब सांगणार की तुमचा मुलगा चोर आहे. मी म्हणालो, "तिथे नका करू साहेब. मला काय करायचं ते करा."

"म्हणजे काहीतरी आहे," मालक म्हणाला. "उद्या दुपारी त्या लोकांना बोलावतो. तोवर खरं सांग, नाहीतर तिथूनच पोलीस चौकी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं उघडं होतं. मी आत स्टुलावर. सुमनमावशी दुसऱ्या कोणाची तरी ऑर्डर घेऊन वाकून आत आली. तोंड बघून म्हणाली, "काय झालं रे?" मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच विचारलं, "कोनाचं खोकं?" मी सांगितलं. "लाडवात?" मी म्हणालो, हो. तिने हातातला डबा काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

मला वाटलं, हिलाही मी चोर वाटलो. मालकाचं बोलणं मी सहन केलं होतं. हे नाही झालं.

दुपारी काका-काकू आले. काका बसले, काकू उभ्याच राहिल्या, पर्स दोन्ही हातांनी धरून. काका मालकाशी इंग्रजीत बोलत होते, मधूनमधून माझ्याकडे बोट. मग मराठीत मला म्हणाले, "हे बघ, खरं सांगून टाक. तरुण आहेस. आम्हाला तुझं वाईट करायचं नाही."

मी काकूंकडे पाहिलं. म्हटलं, "काकू, तुमच्यासमोर भरलं ना मी?"

"मला काही माहीत नाही," काकू म्हणाल्या. नकाशाकडे बघत.

तेवढ्यात मावशी आली. घामाघूम झालेली. चपला बाहेर काढून आत आली, देवळात आल्यासारखी.

"साहेब, ती वेढणी मी घातली लाडवात," ती मालकाला म्हणाली. "या बाईंनी दिलीवती. माझ्या हातानं वळला लाडू."

काका उठले. "काय बोलताय तुम्ही?"

"सकाळधरनं बंगल्याच्या पायरीवर बसले व्हते मी. काकूंना हात जोडले. म्हनलं, तुमीच सांगा, मला नका लावू सांगायला. त्यांनी दार लावून घेतलं."

काकूंचा आवाज एकदम फुटला. "सुमन! शपथ घातली होती ना मी तुला?"

बाहेर रिक्षा वाजत होती. काका हळूहळू बायकोकडे वळले. काकू रडायला लागल्या होत्या. मुलीचं आणि जावयाचं बरं चाललं नव्हतं, म्हणून हे दान होतं. नवऱ्यालाही सांगायचं नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "आता गेलं सगळं," त्या म्हणत होत्या. "माझ्या पोरीचं गेलं सगळं."

त्यांचं रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला आजही धड रागावता येत नाही, आणि राग जातही नाही.

काका मात्र बायकोवर चिडले नाहीत. ते मावशीवर चिडले. "विश्वासाने घरात घेतलं तुम्हाला. आमच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीत."

"मी सांगितलं नसतं तर हा पोरगा चोर झाला असता, साहेब."

"ते आम्ही बघून घेतलं असतं."

"बघतच व्हता की तुमी," मावशी म्हणाली. आणि चपला घालून गेली.

काकांनी खुलासा लिहून दिला. मुंबईचं प्रकरण मिटलं, बुकिंग सुरू झालं. मालक मला म्हणाला, "चला, लाग कामाला." तेवढंच. त्याने माफीबिफी मागावी असं मला वाटतही नव्हतं. मला नोकरी राहिली याचाच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला आता लाज वाटते, कारण मावशीचं काय होणार हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

दिवाळी तोंडावर होती. काकूंच्या भजनी मंडळात, भिशीत, ओळखीपाळखीत गोष्ट फिरली. वेढणीची नाही, सुमनची. सुमनच्या पोटात काही राहत नाही, बाई. मग एकेक ऑर्डर रद्द. कोणी म्हणालं यंदा आम्ही घरीच करतोय, कोणी म्हणालं यजमानांना गोड वर्ज्य झालंय. मी धनत्रयोदशीला तिच्या घरी गेलो तर दोन खोल्यांत अनारशाच्या पिठाचे डबे भरून ठेवलेले आणि ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसलेली.

"मावशी, माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळं कशापायी? सोनं तू घातलंवतं का?" मग म्हणाली, "चहा घेतो का?"

पुढे तिने अंबडच्या कामगारांचे डबे करून बघितले. गुडघे गेले, मग तेही सुटलं. भाची येऊन कळवणला घेऊन गेली.

आमच्या मालकाने त्यानंतर नवा नियम काढला, प्रत्येक खोक्यातला एक लाडू फोडून बघायचा. मी नोकरी सोडेपर्यंत लाडू फोडत होतो. आया माझ्याकडे कसाई असल्यासारखं बघायच्या. काकूही पुढच्या दिवाळीला आल्या, दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेले लाडू घेऊन.

"तू अजून इथेच?" म्हणाल्या.

"हो काकू." मी एक लाडू फोडला. त्यात काही नव्हतं. पत्ता लिहायला घेतला तर गाव बदललेलं, आणि नाव एकट्या मुलीचं होतं, माहेरच्या आडनावाने. मी लिहिताना थांबलो. काकू माझ्याकडे बघत होत्या, जणू ते घर मी आणि सुमनने मिळून मोडलं होतं. मी तसंच लिहिलं आणि सही केली.

मावशीला भेटायला मी कळवणला एकदाच गेलो. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन. तिला नीट दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं. पहिलं काय विचारलं असेल तर, "तुझ्या आईला काय कळलं तर नाय ना रे?"

"नाही मावशी. कधीच नाही."

"मग झालं," ती म्हणाली, आणि माझ्या बायकोचा हात धरून बांगड्या चाचपत बसली.

त्यानंतर अधिक महिने येऊन गेले. एकदा आई आजारी, एकदा सुट्टी नाही, एकदा नुसतंच राहिलं. हे लिहितानाही मी सबबीच सांगतोय.

मावशी, हे भाची तुला वाचून दाखवेल. पुढच्या अधिकात मी येतो. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण तू आहेस आणि मी आहे तोवर येणार. अनारसे आम्ही दोघं शिकतोय, अजून जाळी पडत नाही. तेहतीस आणीन, तिळावर थापलेले. वर एक सोन्याची वेढणी ठेवीन, लाडवाच्या आत नाही, अनारशांच्या वर, आणि तुझ्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून त्यांच्यादेखत ताट तुझ्या मांडीवर ठेवीन. तू म्हणशील, मी काय जावई हाय का तुझा? म्हण. हात मात्र पुढे कर.